देवदारावरचा चंद्र

काळा छापून झाला होता. हिरवा छापून झाला होता. चंद्र तेवढा राहिला होता.

शेडमध्ये एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर चिमट्यांनी जाड कागद टांगले होते. प्रत्येक कागदावर तोच देवदार उभा होता. त्याच्या बुंध्यावर एका अंगाला साल काढल्याची लांब, नितळ पट्टी होती; टोपल्या विणायला कुणीतरी कधीतरी हात जोडून मागून नेलेली साल. मुळांत बेडूक बसला होता, टपोऱ्या डोळ्यांचा. बेडकाच्या दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून माणसं उभी होती आणि सगळ्यांत खाली वल्ह्यांची एक रांग. वर, शेंड्याच्या जरा उजवीकडे, एक गोल जागा कोरी होती. दार उघडलं की वाऱ्यानं कागद हलत आणि शेडमध्ये एक रान सळसळल्यासारखं होई.

रेने तांबडी शाई घोटत होती. उद्या दुपारी सभागृहात पॉटलॅच होतं, लोकांना जेवू घालून, भेटी वाटून साक्षीदारांसमोर नाव देण्याची सभा. उद्या तिला तिच्या आईच्या आईचं नाव मिळणार होतं आणि ते नाव ऐकायला येणाऱ्या प्रत्येक साक्षीदाराच्या हातात यातला एकेक कागद जाणार होता. जेवढे साक्षीदार तेवढेच कागद. त्यानंतर छपाईच्या जाळ्या धुऊन टाकायच्या. मग पुन्हा कुणी कितीही म्हटलं तरी हे झाड छापता येणार नव्हतं.

"मामा, दार लाव. धूळ येते."

ऑर्विल मामा अंगाला धुराचा वास घेऊन आत आला. सकाळपासून तो धुरीघरात सॅमन माशाच्या पट्ट्या उलटसुलट करत होता. जंगलतोडीच्या कंपनीतली नोकरी सोडून त्याला किती वर्षं झाली, तरी लाकूडतोड्यांचे ते तांबडे गॅलस त्यानं सोडले नव्हते. त्यावरून गाव त्याला हसायचं, आणि तो हसू द्यायचा.

"दाखव बघू. उद्या भर सभेत मला बोलायचंय, आणि मी अजून धड बघितलेलं नाही."

तिन्ही रंगांनिशी पुरा झालेला कागद एकच होता, चाचणीचा. तो भिंतीवर टाचला होता. मामानं चष्मा चढवला, हात पाठीमागे बांधले आणि खालून वर बघायला सुरुवात केली.

"ही वल्ही?"

"जंगलतोड थांबवायला आपण रस्ता अडवला तेव्हा जी माणसं पलीकडच्या किनाऱ्यावरून होड्या घालून आली, ती. आपल्यासारखीच, आपापल्या जंगलासाठी भांडणारी."

"त्यांची देवकं नाही काढलीस?"

"ती माझी नाहीत, मामा. मी कोण काढणार? म्हणून नुसती वल्ही."

"बरोबर केलंस." मामाची मान अभिमानानं हलली. "शाबास. हे शहरातल्या शाळेत नसेल शिकवलं. आणि बेडूक आपला. छान बसलाय. अगदी माझ्या आईसारखा बसलाय, सगळ्या मुळांवर हक्क सांगत." मग त्याची नजर बुंध्यावरून चढत शेंड्यापाशी गेली आणि तिथेच अडली. "हा कोण?"

"चंद्र."

"चंद्र मला दिसतोय. कुणाचा?"

"आकाशातला."

"आकाशातल्या चंद्राच्या ओठात चकती नसते, रेने."

चंद्राला चेहरा होता. गाल रुंद, भुवया जाड, आणि खालच्या ओठात थोर घरच्या बायका पूर्वी बसवायच्या तसली लाकडाची चकती. हा चेहरा गावातल्या पोरानंही ओळखला असता. अगस्टा आजीच्या पांघरुणावर शिंपल्याच्या गुंड्यांनी तोच चेहरा शिवलेला होता.

रेनेनं शाईतली पळी खाली ठेवली.

"आजी त्या रस्त्यावर सगळ्यांत आधी जाऊन बसली, मामा. अंगावर ते पांघरूण घेऊन. पोलिसांनी उचललं तेव्हाही तिच्या पाठीवर चंद्र होता. तिला वगळून मी हे झाड कोणत्या तोंडानं काढू?"

"ती तुझ्या बापाची आई. डोमकावळ्याकडची."

"आजी होती ना माझी? मी लहानपणी त्या चंद्राखाली झोपलेय."

"आजी तुझी," मामा म्हणाला. "चंद्र तिचा."

हैदा माणसांत मूल आईचं असतं. नाव आईकडचं, देवक आईकडचं, सभेत बसायची जागा आईकडची, आणि त्या सगळ्यासाठी उभा राहून बोलायचं मामानं. गावाच्या दोनच बाजू, गरुड आणि डोमकावळा; रेने गरुडाकडची, तिच्या घरचं देवक बेडूक. बाप नेहमी समोरच्या बाजूचा. बापाच्या घरी जीव लावावा, जेवावं, झोपावं. तिथलं देवक मात्र उचलून आणता येत नाही. हे रेनेला दूध पीत होती तेव्हापासून माहीत होतं. परक्या गावांची देवकं काढताना तिचा हात आपोआप थांबला होता. चंद्रापाशी तो थांबला नाही, कारण तो कुणा दुसऱ्याचा आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"परक्यांचं सांभाळलंस," मामा खाली बसत म्हणाला, "आणि घरातल्या घरात घसरलीस."

तेवढ्यात आयरिस दार ढकलून आत आली. रेनेची आई. दोन्ही हातांत कालव्यांचं मोठं पातेलं, ते खाली ठेवायला ती जागा शोधत होती. भावाच्या तोंडाकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. पातेलं तिनं सरळ जमिनीवर ठेवलं.

"अगं बाई."

"आई, तू तरी..."

"मी तुला सांगितलं होतं की नव्हतं, काढायच्या आधी विचारत जा म्हणून?"

"नव्हतं सांगितलंस."

"मग आता सांगते."

"आता काय उपयोग," मामा म्हणाला. "ऐका. तांबडा छापायचा नाही. ती गोल जागा कोरी राहू दे. लोक म्हणतील ढग आहे."

"ढगसुद्धा डोमकावळ्याकडच्या कुणाचा तरी आहे, दादा."

"मग धुकं म्हणतील! आयरिस, तू मला मदत करतेस की माझे दोष काढतेस?"

रेने हसली नाही. ती दोऱ्यांवरच्या त्या रानाकडे बघत होती. प्रत्येक झाडाच्या शेंड्यापाशी एक भोक. कुणीतरी उचलून नेलेल्या बाईच्या आकाराचं.

"आजी नसेल तर मला उद्या नाव नको," ती हळू म्हणाली.

"नाव म्हणजे काय सदरा आहे का, घट्ट होतो म्हणून नको म्हणायला?" मामाचा आवाज चढला आणि चढता चढता फाटला. "माझ्या आईचं नाव आहे ते. ती गेल्यापासून त्या नावाला कुणी हाक मारलेली नाही. लोक होड्या करून येतायत उद्या. आणि तू..." तो उठून बाहेर गेला.

*

धुरीघराच्या दारापाशी आयरिसनं भावाला गाठलं. शेडमध्ये ती त्याच्या बाजूनं बोलली होती, पण अंगण ओलांडेपर्यंत तिचं मन फिरलं होतं. कागदावरच्या त्या कोऱ्या जागेसारखी पोकळी तिनं पोरीच्या तोंडावर बघितली होती.

"जा वन्संकडे," ती म्हणाली.

"थेल्माकडे? मी?"

"मग कोण? रेनेला विचारता येत नाही, मला विचारता येत नाही. घरातर्फे बोलणारा तू. चंद्र आता तिच्या घरचा. विचारून ये."

"आयरिस, तिनं मला अगस्टाच्या पेटीला हात लावू दिला नव्हता. सगळ्या गावासमोर."

ऑर्विलला तो दिवस आठवला की अजून कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या. माणूस गेलं की समोरच्या बाजूनं पेटी वाहायची. डोमकावळ्याकडची म्हातारी गेली, म्हणून गरुडाकडचे पुरुष खांदा द्यायला आले, आणि तोही आला. थेल्मा आईच्या उशाशी उभी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, हे हात नकोत. त्यानंतर तो त्या दारात गेला नव्हता.

"ती नाही म्हणेल."

"म्हणू दे. नाही ऐकून कोणी मेलं नाही. आणि टोपी काढून जा. ते गॅलसही काढ."

"पँट खाली येईल."

"मग तरी ती हो म्हणेल," आयरिस म्हणाली, आणि सबंध दिवसात पहिल्यांदा ऑर्विलच्या मिशा हलल्या.

*

थेल्मा उद्याच्या जेवणासाठी रानबेरीचे पाय भाजत होती, कणकेच्या पारीत फळांचं गोड सारण भरून. भट्टीचं दार उघडून तिनं एक ताट फिरवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "कोण येतंय?"

तिची मुलगी कोरा खिडकीशी होती. "ऑर्विल. पायी."

"गाडी बिघडली?"

"नाही. टोपी हातात आहे."

"मग काहीतरी मागायला येतोय."

काय मागायला, ते तिला सकाळीच कळलं होतं. कुणीतरी शेडच्या खिडकीतून डोकावलं होतं आणि मग ते दुकानात, धक्क्यावर, सभागृहाच्या स्वयंपाकघरात, असं करत तिच्यापर्यंत आलं होतं. तिनं मनातल्या मनात सगळं रचून ठेवलं होतं. उद्या चंद्राचा कागद हातात आला की उठायचं, पांघरूण पाठीवर नीट ओढायचं आणि आपल्या बाजूच्या सगळ्यांना घेऊन सभागृहाबाहेर चालायचं. एक शब्द बोलायचा नाही. तिच्या आईनं असंच केलं असतं. पण रचता रचता मधेच दुसरंच काहीतरी आत हलायचं. आई गेल्यापासून तो चेहरा कुणी नव्यानं काढला नव्हता. कसा काढला असेल भावाच्या पोरीनं?

"आत ये," ती म्हणाली. "दारात उभा राहिलास की माशा येतात."

ऑर्विल आत आला आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला, एखादं जड सामान नेमकं कुठे ठेवायचं ते न कळल्यासारखा.

"भाचीनं चूक केली," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"अजून छापलेला नाही. एकच आहे, चाचणीचा."

"तेही माहीत आहे. चेहरा कसा आलाय?"

"तुझ्या आईसारखा. रागावलेला."

कोरा खिडकीकडे तोंड करून खोकली. थेल्मानं तिच्याकडे बघितलं नाही.

"मी आमच्या घरातर्फे विचारायला आलोय, थेल्मा. चंद्र वापरायला द्याल का?"

"नाही."

शब्द भट्टीच्या दारासारखा बंद झाला.

"देवक म्हणजे काय शिडी आहे, ऑर्विल? वापरली, की परत आणून भिंतीला टेकवून ठेवली? चंद्र देता येत नाही. मला द्यावासा वाटला तरी देता येत नाही. आणि वाटतही नाही."

ऑर्विलनं मान हलवली. जायला वळला. मग वळता वळता थांबला.

"पेटीला हात लावू दिला नव्हतास."

"नव्हता दिला. झाडं पाडणारे हात होते."

"मी सोडलं होतं ते काम."

"उशिरा सोडलंस. त्या दिवशी तू रस्त्याच्या त्या बाजूला होतास. आई या बाजूला जमिनीवर, आणि तू वर, ट्रकमध्ये."

"होतो. सगळ्यांना माहीत आहे. पण पोलीस यायच्या आधी काय झालं ते तुला माहीत नाही. तू तेव्हा धक्क्यावर होड्या घ्यायला गेली होतीस." तो टोपीच्या कडेशी खेळत होता. "तुझी आई उठली आणि ट्रकपाशी आली. हातात फडकं, फडक्यात तळलेला पाव आणि धुरीचा मासा. मला वाटलं शिव्या देणार. म्हणाली, 'आयरिसची सासू आहे मी. तिचा भाऊ माझ्यासमोर उपाशी बसलेला मला चालणार नाही. खा.' मी खाल्लं. ती खाताना बघत राहिली. मग जाऊन परत बसली. माझ्याच चाकासमोर."

"मग?"

"मग काय. तिचा घास तोंडात, आणि किल्ली फिरवू? दिवसभर तसाच बसून राहिलो. मागचे सगळे ट्रक हॉर्न मारत होते. साहेब येऊन ओरडून गेला. मी आपला चावत बसलो."

भट्टीत रानबेरीचं सारण खदखदत होतं. थेल्मानं ओट्याच्या कडेला हात टेकला. आई असंच करणार. चाकासमोर बसायचं ते बसायचंच, पण त्याआधी चाकावरच्याला जेवायला घालायचं. तुरुंगातून परत आल्यावर तिनं सगळं सांगितलं होतं, पोलिसांच्या बुटांपासून तिथल्या पातळ सूपापर्यंत. हे तेवढं सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नसणारच.

"हे मला कधी का नाही सांगितलंस?"

"तू बोलू दिलंस कुठे?"

थेल्मानं हातपुसण्याला हात पुसले, एकेक बोट, सावकाश. तिची चीड अजून होती, पण आता ती दुसरीकडे निघाली होती.

"छापतंय कोण?"

"रेनेच."

"एकटी?"

"एकटी. झाड, माणसं, शाई, सगळं तिनंच."

"मग खरी चूक ती आहे!" थेल्मा एकदम कडाडली. "आपल्यात घर कोण बांधतं? दाराचा खांब कोण कोरतं? गरुडाच्या घरचं काम डोमकावळ्यांनी करायचं आणि चारचौघांसमोर त्याचा मान घ्यायचा. भाचीच्या नावाचं एवढं मोठं काम, आणि बापाकडच्या एका माणसाला बोलावणं नाही? पोरगी शहरात शिकली, तिथे सगळे आपापलं एकटंच करतात. पण तू? तू घरातला मोठा ना? तुला सुचू नये?"

इतकी वर्षं ऑर्विल तिच्या शिव्या खात आला होता. या शिवीत त्याला एकाएकी दार दिसलं.

"म्हणजे..."

"म्हणजे आमचा चंद्र तिच्या हातानं उगवणार नाही. आमच्या हातानं उगवेल. कोरा, जुने कपडे घाल." तिनं भट्टी बारीक केली. "आणि एक, ऑर्विल. उद्या सगळ्यांसमोर सांगायचं, चंद्र कोणी छापला ते."

"सांगेन."

"पावाचंही सांगायचं. ट्रकमध्ये कोण होतं ते धरून."

ऑर्विलच्या हातातली टोपी थांबली. "थेल्मा, पलीकडच्या किनाऱ्याची माणसं असतील. त्यांच्या पोरांना मी कोण होतो ते ठाऊक नाही."

"म्हणूनच."

*

रेने चंद्राची जाळी मांडीवर घेऊन बसली होती. लाकडी चौकट, त्यावर ताणलेलं बारीक कापड आणि कापडात आजीचा चेहरा. धुवायची की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. उठून नळापाशी जायची, परत येऊन बसायची. तेवढ्यात दार उघडलं आणि तिची आत्या शेडमध्ये शिरली; मागे कोरा, त्यामागे मामा.

"आत्या, मी..."

"तू आता गप्प बस. तुझ्यातर्फे बोलून झालंय."

थेल्मा भिंतीपाशी गेली. चाचणीच्या कागदासमोर उभी राहिली. ती खालून वर नाही बघत गेली. एकदम वर बघितलं आणि बघतच राहिली. रेनेला फक्त तिची पाठ दिसत होती. रुंद, ताठ पाठ, आणि मानेवर सुटलेली एक पांढरी बट. दोऱ्यांवरचे कागद हलायचे थांबले. बाहेर समुद्र होता, तोसुद्धा जरा हळू बोलतोय असं वाटलं.

"नाक मोठं झालंय," अखेर आत्या म्हणाली.

"आजीचं होतंच मोठं."

"माझंही आहे. म्हणून काय छापून गावाला वाटायचं?" ती वळली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि तिला ते लपवायची गरज वाटत नव्हती. "शिकव. कसं करायचं?"

रेनेनं पहिला कागद लावला, वर जाळी ठेवली, कडेला तांबड्या शाईची ओळ ओतली. रबराची पट्टी आत्याच्या हातात दिली. "तिरकी धरायची. आपल्याकडे ओढायची. मधे थांबायचं नाही."

आत्यानं ओढली. मधे थांबली. जाळी उचलली तेव्हा चंद्राचा एक गाल सुजलेला होता.

"दाढ दुखतेय त्याची," कोरा म्हणाली.

"हा बाद, आत्या. बिघडेल म्हणून एक जास्तीचा घेतलाय. असा कागद ठेवत नाहीत. फाडायचा."

थेल्माचा चेहरा क्षणभर कसनुसा झाला. कागदावर झाड होतं, माणसं होती, बेडूक होता. मग ती म्हणाली, "फाड. चंद्राला सवय आहे त्याची. जातो, परत भरतो."

दुसरा आला तो पुरा आला. तिसराही. मग हाताला लय सापडली. पावाचं पीठ मळणाऱ्या, मासे चिरणाऱ्या, साल सोलणाऱ्या हाताला ती कुठूनतरी ठाऊकच होती. थेल्मा ओढी, कोरा उचली, रेने टांगी. ओढ, उचल, टांग. एक चंद्र उगवला, दुसरा उगवला, एका ओळीत उगवले, दुसऱ्या ओळीत उगवले. ज्या रानाला संध्याकाळपर्यंत भोकं होती, त्या रानावर आता जिकडे बघावं तिकडे एक बाई जागी होती, जाड भुवयांची, ओठात चकती असलेली, झाडाकडे आणि झाडाखालच्या माणसांकडे बघणारी. आणि रेनेच्या लक्षात आलं की आपण काढलेला चंद्र सुंदर होता, पण हा त्याहून भारी आहे. हा चोरून आलेला नाही. हा आपल्या पायांनी चालत आलाय.

आयरिस चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. नणंद-भावजयीत गेली कित्येक वर्षं नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं.

"वन्सं," ती जरा वेळानं म्हणाली, "गालाला शाई लागलीये."

"राहू दे, वहिनी. उद्या लोकांना दिसू दे कुणी काम केलं ते."

शेवटचा कागद टांगून झाल्यावर रेने जाळी घ्यायला पुढे झाली. थेल्मानं ती दिली नाही. स्वतः नळापाशी नेली, बाह्या वर केल्या आणि आजीचा चेहरा तळहातानं धुतला, पोरांचं तोंड धुतात तसा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. तांबडं पाणी दगडावरून वाहत अंगणात गेलं. कापड कोरं झालं. रेनेनं भिंतीवरचा चाचणीचा कागद काढून फाडला. आता हा चंद्र होता तेवढ्याच झाडांवर होता. आणखी कुठे उगवणार नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला गरुडाकडचे, समोर डोमकावळ्याकडचे, आणि मधल्या बाकांवर होड्यांतून आलेले पाहुणे, आपापली पांघरुणं, आपापल्या टोप्या घालून बसलेले. जेवण झालं होतं. समुद्रपाल्यावर घातलेली माशांची अंडी, कालवं, सॅमन; मुलांच्या तोंडांना अजून रानबेरी लागलेली होती.

ऑर्विल उठला. त्यानं पुष्कळ सभांत भाषणं केली होती, पण आज त्यानं आधी समोर बघून घेतलं. समोर पहिल्या रांगेत थेल्मा बसली होती, खांद्यावर ते पांघरूण, गालावर तांबडा डाग तसाच.

"हे झाड माझ्या भाचीनं काढलं," तो म्हणाला आणि रेनेनं कागद दोन्ही हातांनी उंच धरला. "काळा रंग तिचा, हिरवा तिचा. बेडूक आमचा. ही माणसं तुम्ही. ही वल्हीसुद्धा तुमचीच, तुम्ही लांबून आलात म्हणून. पण वर चंद्र आहे. तो आमचा नाही. आमच्या घराला तो काढायचा हक्क नाही आणि पुढेही असणार नाही. तो अगस्टाच्या घरचा आहे. तो तिच्या मुलीनं आणि नातीनं स्वतःच्या हातांनी या झाडावर ठेवला. हे मी सगळ्यांसमोर बोलतोय. तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं!" सगळी सभा म्हणाली.

थेल्मा हलली नाही. ती वाट बघत होती.

ऑर्विलनं पाण्याचा घोट घेतला. बाकांवर तरणी पोरं होती, पलीकडच्या गावांची, त्यांच्या जंगलांत आज रस्ते अडवून बसलेली. त्यांच्या नजरेत तो एक मानाचा म्हातारा होता. तो त्यांच्याकडे बघूनच बोलला.

"अगस्टा रस्त्यावर बसली तेव्हा तिच्यासमोर एक ट्रक होता. त्या ट्रकमध्ये मी होतो. लाकूड आणायला."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. कुणीतरी पोराला गप्प केलं.

"ती मला मारायला आली नाही. तिनं मला जेवायला दिलं आणि मग माझ्या चाकासमोर बसली. मी ट्रक हलवू शकलो नाही. ते जंगल आज उभं आहे. लोक विचारतात, तुम्ही ते कसं वाचवलं? न्यायालयं होती, वर्तमानपत्रं होती, सगळं होतं. पण मी तुम्हाला सांगतो, मी तिथे होतो, अगदी समोर होतो, मी बघितलं. असं वाचवलं."

मग मधल्या बाकावरची एक म्हातारी, पलीकडच्या किनाऱ्यावरची, हातातली काठी जमिनीवर आपटायला लागली. तिच्या शेजारचा पाय आपटायला लागला. मग दोन्ही बाजू, मग सगळं सभागृह, आणि जमीन अशी धडधडायला लागली की टांगलेले दिवे हलले. डोमकावळ्याकडचे उभे राहिले होते. बाहेर जायला नाही. थेल्मानं पाठ वळवून सगळ्यांना पांघरूण दाखवलं आणि गुंड्यांचा चंद्र दिव्यांच्या उजेडात असा चमकला की मुलं पुढे सरकली.

त्या धडधडीतच ऑर्विलनं आपल्या आईचं नाव उच्चारलं. त्याचा अर्थ साधारण असा: ती बोलते तेव्हा किनारा ऐकतो. सभेनं ते नाव मोठ्यानं परत म्हटलं, आणि रेने त्या हाकेला ओ देऊन पुढे आली. तिची मान ताठ होती. आयरिस रडत होती आणि रडताना शेजारणीला सांगत होती की धुरामुळे होतंय.

मग कागद वाटले गेले. पहिला थेल्माला. तिनं तो घेतला, हात लांब करून धरला आणि नाकाकडे बघितलं. बाकीचे होड्यांतून आलेल्यांना, समोरच्या बाकांवरच्यांना, हातोहात. यजमानांना काही मिळत नाही. यजमानांनी द्यायचं असतं. शेवटचा कागद गेला तेव्हा ऑर्विल रिकाम्या टेबलापाशी उभा होता, हात पाठीमागे, बघायचं राहून गेल्यासारखा.

थेल्मा जायला निघाली होती. त्याच्यासमोर येऊन थांबली.

"तुला नाही ना मिळाला?"

"कसा मिळणार? आमचं घर देणारं."

"मी माझा स्वयंपाकघरात लावणार आहे. खिडकीसमोर."

"बरं."

"मग आता बघायचा झाला तर माझ्याकडे यावं लागेल," ती म्हणाली. "रानबेरीचा पाय एक उरलाय. उद्या शिळा होईल."

"आलोच," ऑर्विल म्हणाला आणि टोपी शोधायला लागला.